उदगीरच्या खिळ्यावरचा पेला

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे, आणि खरं सांगायचं तर मला माझाच वीट आलेला आहे. माझ्या वयाची भांडी एकतर देवघरात जातात, नाहीतर मोडीत. मी दोन्हीकडे गेलो नाही. मी बिलोलीत नागुबाईंच्या घरी, भिंतीतल्या कोनाड्यात उपडा पडलेला असतो. अंगाने मी अॅल्युमिनियमचा, म्हणजे तुमच्या आज्या ज्याला 'जर्मन' म्हणतात त्या धातूचा. जन्माने मात्र अमेरिकन. भांड्याला नाव ठेवताना त्याचा जन्मदाखला कोण मागतो?

मी गोल नाही. एका बाजूने आत चेपलेला, काजूच्या आकाराचा आहे. सैनिकाच्या कमरेला लटकणाऱ्या पाण्याच्या बाटलीखाली चपखल बसावा म्हणून मला तसा घडवला. मला दुमडणारा दांडा आहे आणि त्यावर 'यू. एस.' ही अक्षरं नि १९४१ हे साल ठोकलेलं आहे. या वेगळ्या आकारानेच पुढे माझा घात केला. पण आधी समुद्र, मग उदगीर.

त्या वर्षीच्या डिसेंबरात जपानने हवाई बेटांवरच्या अमेरिकन जहाजांवर बाँब टाकले. पुढचे कित्येक महिने पॅसिफिक महासागरात अमेरिकेची पीछेहाटच चालली होती. एकेक बेट हातचं जात होतं. मग ठरलं, की आता उलटून चढाई करायची. त्या पहिल्या चढाईला जी पलटण निघाली, तिच्यातल्या वॉल्टर नावाच्या तरुणाच्या कमरेला मी होतो. मक्याच्या शेतातून उठून आलेला एकोणीस वर्षांचा साधा मुलगा. आईला पत्र लिहिताना त्याची जीभ ओठांबाहेर यायची. अशा मुलाच्या हाती पडलो, देशाच्या कामी आलो, आपल्या जन्माचं सोनं झालं, असं मला वाटलं.

सोनं कसं झालं ते ऐका. न्यूझीलंडच्या धक्क्यावर भर पावसात जहाजं भरायची होती आणि खाण्याची खोकी होती पुठ्ठ्याची. ती भिजून फुटली. मक्याच्या पोह्यांचा घोट्याएवढा लगदा धक्काभर पसरला आणि त्यातून फचफच बूट आपटत माणसं जहाजावर चढली. पुढे जिला वीरगाथा म्हणून गाजवलं, तिची सुरुवात ही अशी, आंबलेल्या लगद्यात झाली.

सात ऑगस्ट १९४२ ला आम्ही ग्वादालकनाल नावाच्या बेटावर उतरलो. किनाऱ्यावर कोणी चिटपाखरू आडवं आलं नाही. तिथे विमानांची धावपट्टी बांधणारे जपानी पुढ्यातला नाश्ता तसाच टाकून रानात पळाले होते. आमची मुलं खूश झाली. त्यांना वाटलं, युद्ध म्हणजे एवढंच. दोन दिवसांनी ती समुद्राकडे बघतात तो काय, समुद्र रिकामा! आदल्या रात्री आरमाराने जबर मार खाल्ला होता आणि सामानाची जहाजं अर्धा माल पोटात तसाच घेऊन निघून गेली होती. मोठ्या माणसांचे नकाशे मोठे असतात. त्या नकाशात दहा-अकरा हजार पोरं मागे राहिली तरी ठिपका हलत नाही.

मग दोन वेळच्या अर्धपोटी जेवणावर दिवस काढायचे. पळालेल्या जपान्यांचा तांदूळ सापडला होता, तो माझ्यात शिजायचा. त्यात अळ्या असायच्या. पहिल्या दिवशी वॉल्टरने त्या बोटाने एकेक वेचून टाकल्या. आठव्या दिवशी त्याने वेचणं सोडलं. वरून नारळ कुजत होते, खाली चिखल कुजत होता. हिवताप आणि हगवण यांना कोण कुठल्या देशाचा हे कळत नव्हतं. तरी एक गोष्ट चांगली होती. रोज सकाळी कडू कॉफी व्हायची आणि एकेक घोट घेत चौघे जण ती माझ्यातून प्यायचे. कोणी काठ पुसत नसे. तेवढ्यापुरतं मला बरं वाटायचं.

तेही फार दिवस टिकलं नाही. ऑगस्टच्या एकविसाव्या तारखेला नदीच्या मुखाशी मोठी लढाई झाली. आठशेच्या आसपास जपानी एका दिवसात त्या वाळूत पडले. दुसऱ्या दिवशी उन्हात तिथे जे झालं, त्याचं वर्णन मी तुम्हाला करणार नाही. नाकाला पदर लावावा असा तो दिवस होता आणि मला ना नाक, ना पदर. वॉल्टरच्या तुकडीतला एक जण हातात पकड घेऊन त्या प्रेतांतून हिंडत होता. मेलेल्यांच्या तोंडातले सोन्याचे दात तो उपटत होता. ते ठेवायला काही हवं म्हणून त्याने मला मागितलं, आणि वॉल्टरने मला दिलं.

मित्रांनो, वॉल्टरने दिलं. नको म्हणाला नाही. माझ्यात सात दात पडले. तो माणूस मला कानाशी धरून खुळखुळवत हसला, आणि वॉल्टरही हसला. मग दात रुमालात बांधून त्याने मला परत केलं. वॉल्टरने मला वाळूने घासलं, तीन-तीनदा घासलं, दुसऱ्या दिवशी कॉफी ओतली, तोंडाशी नेलं आणि भडाभडा ओकला. त्यानंतर तो माझ्यातून कधी प्याला नाही. दिवाळीच्या सुमारास हिवतापाने त्याचं चिपाड झालं. त्याला उचलून जहाजावर नेला आणि मी वाळूत राहिलो. मी त्याला माफ केलेलं नाही. त्याच्या आईला तो पत्रात काय लिहीत होता, हे मी पाहिलं होतं ना! 'आई, आम्ही इथे मजेत आहोत.'

पुढे टाकलेल्या वस्तू गोळा करणारे आले. त्यांनी मला सोड्याच्या पाण्यात उकळलं आणि कोठारात फेकलं. तिथून मी आयझॅक नावाच्या सैनिकाला मिळालो. हा काळ्या वर्णाचा, धिप्पाड, गुणगुणत काम करणारा माणूस. त्याच्या तुकडीला आसामात, ब्रह्मदेशाकडे जाणारा रस्ता खोदायला पाठवलं होतं. जहाजावर त्यांचा मजला वेगळा, जेवणाची रांग वेगळी, पाण्याचं पिंपसुद्धा वेगळं. सरकार एक, शत्रू एक, गणवेश एक, आणि पाणी मात्र दोन! मला तेव्हा वाटलं, असला हलकटपणा जगात फक्त इथेच चालत असेल. मी अडाणी होतो, मित्रांनो. मी अजून आपला मराठवाडा पाहिला नव्हता.

युद्ध संपलं. उरलंसुरलं सामान कलकत्त्याला लिलावात निघालं. तिथून मी एका पोत्यातून हैदराबादच्या जुन्या बाजारात आलो आणि तिथे उदगीरच्या सिद्धरामअप्पांनी मला उचललं. अप्पा बाजारपेठेत नवं हॉटेल काढत होते. १९५० साल होतं. भट्टी मांडली, किटली आणली, बशीसकट कपांचा जोड आणला. गल्ल्यावर बसवेश्वरांची तसबीर लावली. मला हातात फिरवून अप्पा म्हणाले, "ह्यो बरा हाय. वेगळाच दिसतो. कपांत मिसळायचा न्हाई."

कळलं का तुम्हाला? मला नाही कळलं. मला वाटलं, अप्पांना माझं कौतुक आहे. त्यांनी हॉटेलच्या बाहेरच्या खांबाला एक खिळा ठोकला आणि मला त्याला अडकवलं. आत गल्ल्यावर त्या महात्म्याची तसबीर होती, ज्याने माणसामाणसांतला भेद मोडायला आयुष्य घातलं. बाहेर खांबावर मी होतो. मध्ये अंतर दहा पावलांचं.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहणारे जे हमाल होते, त्यांतले महारवाड्यातले लोक चहाला आले, की त्यांनी मला आपल्या हाताने खिळ्यावरून काढायचं, आत पाऊल न टाकता मला पुढे धरायचं आणि अप्पांच्या मुलाने, धोंडप्पाने, हातभर उंचावरून किटलीची धार सोडायची. किटलीचं नाक मला लागता कामा नये. चहा पिऊन झाला, की ज्याने प्यायला त्यानेच राखेने मला घासायचं, वरून ओतलेल्या पाण्याने धुवायचं आणि पुन्हा खिळ्याला लावायचं. असा तिथला नेम होता. धोंडप्पा बारा-तेरा वर्षांचा होता, पण त्याचा हात असा बसला होता, की थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. गिऱ्हाइकं त्याच्या धारेचं कौतुक करायची.

त्या हमालांत पंढरी होता. साखरेची आणि चहापत्तीची पोती त्याच्याच पाठीवरून हॉटेलच्या पायरीपर्यंत यायची. पाठीवरून आलेली साखर चालायची, हात चालायचा नाही. मला सात दात आठवायचे. त्या बेटावर मेलेल्या माणसांचा अपमान झाला होता. इथे तो जिवंत माणसांचा, रोज, दुधासाखरेसकट होत होता. खरं सांगतो, सात दातांपेक्षा मला त्या चहाची शिसारी जास्त आली.

सहा वर्षं मी खिळ्यावर होतो. मग १९५६ च्या ऑक्टोबरात पंढरी नागपूरला गेला. चार दिवसांनी परतला तो पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, ताठ मानेने. सरळ हॉटेलासमोर आला आणि त्याने मला खिळ्यावरून काढलं. धोंडप्पाने सवयीने किटली उचलली. पंढरीने मला पुढे धरलंच नाही. त्याने मला सदऱ्याच्या आत टाकलं आणि तो वळला.

"ए, पेला कुठं नेतोस?" आतून सिद्धरामअप्पा ओरडले.

"आता ह्यो कुनालाच लागायचा न्हाई," पंढरी म्हणाला आणि चालू लागला.

एका पेल्यापायी पंढरीचं मोंढ्यातलं काम सुटलं, मग उदगीर सुटलं. नवी नवरी नागुबाई आणि मला घेऊन तो तिच्या माहेरी, बिलोलीला आला. खदानीवर दगड फोडून त्याने संसार उभा केला. माझ्यातून त्या घरात कधीच कोणी काही प्यालं नाही. दरवर्षी धम्मदीक्षेच्या दिवशी पंढरी मला खाली काढायचा, माझ्या दांड्यावरची खिळ्याची झीज लेकरांना दाखवायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा. बस, एवढंच. मरायच्या आधी तो नागुबाईला म्हणाला होता, "समदं झालं. लेकरं शिकली, पक्कं घर झालं. पन त्या धोंडप्पानं एकडाव बी हातात चहा दिला न्हाई बघ." साठी उलटलेला माणूस, मरणाच्या दारात, आणि त्याला आठवतो एक कप चहा! हसू नका. ज्यांना रोज हातात चहा मिळतो, त्यांना हे कळत नाही.

पंढरी गेल्यावर मी विसरला गेलो. बरीच वर्षं माझ्यात खिळेमोळे होते. मग नात ज्योत्स्ना मोठी झाली, इथल्या शाळेत इतिहास शिकवू लागली. तिने एके दिवशी मला चिंधीने पुसलं, दांड्यावरची अक्षरं वाचली आणि मला शाळेत नेऊन मुलांना पॅसिफिकच्या लढाया सांगितल्या. उदगीरचा खिळाही सांगितला. दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारी ती पहिलीच. कोणीतरी माझा फोटो काढला. तो या फोनवरून त्या फोनवर हिंडत हिंडत उदगीरला, सिद्धरामअप्पांच्या पणतूच्या फोनवर जाऊन पोचला. फोटो पोचला. गोष्ट मात्र वाटेतच गळून पडली.

हा पणतू वीरेश. धोंडप्पाचा नातू. आता ते हॉटेल तीन मजली आहे, लातूरला शाखा आहे. हॉटेलाला पंच्याहत्तर वर्षं होत होती. वीरेशकडे उद्घाटनाच्या दिवसाचा एक जुना फोटो होता. त्यात बाहेरच्या खांबावर खिळ्याला अडकवलेला, काजूच्या आकाराचा एक पेला दिसत होता. पोराने फोटो जुळवला आणि देगलूरमार्गे गाडी हाणत, पेढ्यांचा पुडा घेऊन तो नागुबाईच्या दारात आला.

"नमस्कार मॅडम," तो ज्योत्स्नाला म्हणाला.

"जयभीम. बसा."

"आज्जी, हा आमच्या हॉटेलचा पहिला पेला आहे हो! पणजोबांनी किती मानानं दर्शनी भागात लावला होता बघा." त्याने फोटो पुढे केला. "अमेरिकन सैनिकांनी पॅसिफिकमध्ये वापरलेला पेला आणि त्यातून आम्ही गावाला चहा पाजला! आम्ही काचेच्या पेटीत ठेवणार. आधी पॉलिश करून घेतो, आरशासारखा दिसेल."

दर्शनी भागात! मानाने! मित्रांनो, त्या पोराच्या डोळ्यांत कपट नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. त्याला घरात कोणी काही सांगितलंच नव्हतं. पण न सांगितलेलं खोटं हे सांगितलेल्या खोट्याहून जास्त टिकतं. ज्योत्स्नाचा चेहरा लाल झाला. ती काही बोलणार, तेवढ्यात नागुबाईने तिचा हात दाबला. त्र्याऐंशी वर्षांची म्हातारी, पण दाबात जोर होता.

"धोंडप्पा हाय का अजून?" तिने विचारलं.

"हाव आज्जी. सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. ठणठणीत."

"मग देते पेला. पन घासायचा न्हाई, हाय असाच ऱ्हाऊ द्यायचा. आन एक अट हाय. समद्यांसमोर धोंडप्पानं ह्यात चहा भरून माझ्या हातात द्यायचा. माझ्या मालकाची तेवढीच विच्छा व्हती."

"एवढंच?" वीरेश आनंदाने म्हणाला. "आज्जी, हे तर आमचं भाग्य!"

तो गेल्यावर ज्योत्स्ना तडकली. "मोठी माय, त्यांना खरं का सांगितलं नाहीस? तोंडावर फेकायचं होतंस."

"फेकून काय व्हतंय? हात पुढं आला तर पेला त्याचा. न्हाई आला तर आपला."

एवढीच पैज होती. धोंडप्पाचा हात पुढे येतो का नाही. मी ऐंशी वर्षं माणसांचे हात पाहिलेले आहेत, मला फारशी आशा नव्हती.

समारंभाच्या दिवशी उदगीरच्या हॉटेलात पायघड्या, फुगे, सनईची ध्वनिफीत. मला मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं. मागे काचेची पेटी आणि तिच्यावर पितळी पाटी: 'पॅसिफिकच्या वीरांच्या हातातून आमच्या हाती आलेला पेला. यातूनच आम्ही सर्वांना प्रेमाने चहा पाजला.' एका वाक्यात माझं अख्खं समुद्रापलीकडचं आयुष्य खोटं, दुसऱ्यात अलीकडचं. सूत्रसंचालकाला गळा होता, अक्कल नव्हती. तो वीरांच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत होता. अळ्या, ओकाऱ्या आणि सात दात यांतलं काहीच त्याच्या कागदावर नव्हतं. लोक भजी खात टाळ्या वाजवत होते.

नागुबाईला शाल घातली आणि खुर्चीवर बसवलं. मग कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले धोंडप्पा काठी टेकत आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओशाळल्यासारखं हसले. पंढरीच्या बायकोची ओळख त्यांना पटली होती. माझीही. रविकिरण नावाच्या पोऱ्याने किटली त्यांच्या हातात दिली.

"आजोबा, आज्जींना पहिला चहा!" वीरेश म्हणाला.

आणि मित्रांनो, किटली वर गेली. हातभर वर. सत्त्याऐंशी वर्षांचा तो हात थरथरत नव्हता. बारीक, सरळ, सोन्यासारखी धार वरून खाली माझ्यात पडली. थेंब बाहेर नाही. किटलीचं नाक मला लागलं नाही. मग किटली खाली ठेवून, मला बोटही न लावता, धोंडप्पा दोन पावलं मागे सरले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा, काय धार आहे!" कोणी म्हणालं. फोटोवाला ओरडला, "आजोबा, अजून एकदा! अशीच, उंचावरून!"

नागुबाईने मला हात लावला नाही. ती शांतपणे म्हणाली, "अप्पा, किटली खाली आलीच न्हाई की."

टाळ्या विरल्या. धोंडप्पा आपल्या हाताकडे बघत राहिले. दुसऱ्या कोणाचा हात आपल्या बाहीतून बाहेर आलाय, असं त्यांचं तोंड झालं.

"सवय हाय ओ हाताची," ते पुटपुटले. "मनात काय न्हाई माज्या. देवाशप्पथ न्हाई."

"मनातलं मला कसं दिसावं अप्पा? मला हातच दिसतो."

वीरेश गोंधळून एकदा आजोबाकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागला. तेव्हा ज्योत्स्ना उठली. तिने माइक घेतला नाही, आवाजही चढवला नाही. पंढरीचं नाव सांगितलं, खिळा सांगितला, धार सांगितली, राख सांगितली. चार वाक्यांत आटपलं आणि ती बसली. भजी खाणारे थांबले. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. वीरेश खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, त्याचा चेहरा पार उतरला होता.

धोंडप्पांनी काठी बाजूला ठेवली. दोन्ही हातांनी मला उचललं. मी तापलो होतो, त्यांची बोटं भाजत होती, तरी सोडलं नाही. मला नागुबाईपुढे धरून म्हणाले, "घ्या बाई. चुकलो."

तिने घेतला नाही. "आदी तुमी प्या," ती म्हणाली.

त्या घराण्यातल्या माणसाचे ओठ मला पंच्याहत्तर वर्षांत कधी लागले नव्हते. ते आता लागले. धोंडप्पांनी डोळे मिटून सगळा चहा संपवला आणि मला टेबलावर ठेवलं. रविकिरण मला उचलायला पुढे आला.

"थांब लेकरा," नागुबाई म्हणाली. "ज्यानं प्याला त्यानंच धुवायचा असतो. हितला तसाच नेम हाय. इचार अप्पाला."

मला घेऊन धोंडप्पा मागच्या मोरीवर गेले, उकिडवे बसले आणि त्यांनी मला धुतलं. राख नव्हती, बोटांनीच चोळलं. फार वेळ चोळलं. वॉल्टरनेही मला असंच घासलं होतं. घासणाऱ्याचं मन मळकं असलं, की भांड्याला विनाकारण जास्त घासलं जातं, हे मी दोनदा पाहिलं.

मग ते निथळत्या मला घेऊन बाहेर आले आणि नेमाप्रमाणे खांब शोधू लागले. खांब केव्हाच गेला होता. तिथे काचेची भिंत होती. खिळा नाही, काही नाही. तो म्हातारा ओला पेला हातात घेऊन उभा राहिला, ठेवायचा कुठे ते त्याला कळेना. तेव्हा नागुबाईने हात पुढे केला. धोंडप्पांनी मला तिच्या हातात दिलं. बोटांना बोटं लागली. चहा नव्हता, मी रिकामाच होतो. पण हातातून हातात आलो.

तिने मला पदराने पुसलं आणि पिशवीत घातलं.

"आज्जी, अट तर पुरी झाली ना?" वीरेशने चाचरत विचारलं. "पेला नेताय?"

"ह्यो सांगून मिळालेला हात हाय बाबा. किटली वर गेली व्हती ती आपसूक गेली व्हती. पेला माझाच."

"मग त्या पेटीत मी काय ठेवू?"

नागुबाई पायरीवर थांबली. "खिळा असंल की तुमच्यात कुठं तरी," ती म्हणाली. "त्यो ठेव."

तर मित्रांनो, ही माझी कहाणी. तुम्ही जुन्या वस्तू सांभाळता, त्यांना तेल लावता, काचेत ठेवता, त्याबद्दल तुमचं भलं होवो. पण एवढी विनंती ऐका. आम्हाला घासताना आमच्यावरचा डाग तेवढा काढा, गोष्ट काढू नका. कोणी युद्धाचं शौर्य सांगू लागला तर त्याला विचारा, ताटात काय होतं आणि पेल्यात काय होतं. कोणी घराण्याचा मोठेपणा सांगू लागला तर विचारा, बाहेरच्या खांबावर काय होतं. उत्तर ऐकून किळस आली तर तोंड फिरवू नका. मलाही येते. ती यायलाच हवी.

परवा ज्योत्स्नाच्या फोनवर वीरेशने एक फोटो पाठवला. तिने तो नागुबाईला दाखवताना मीही कोनाड्यातून पाहिला. काचेची पेटी तीच होती. पितळी पाटी काढून टाकलेली होती. मखमलीवर एक गंजका, वाकडा खिळा ठेवलेला होता. खाली वीरेशने विचारलं होतं, "आज्जी, याच्याखाली काय लिहू?"

नागुबाईने चष्मा पुसला, खिळ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाली, "त्याला म्हनावं, आजोबाला इचार. आन आजोबा सांगंल तसंच ल्ही."